इशारा देण्याचा अखत्यार

संगणकांवरील हल्ल्यांच्या खबरी सरकारातील कोणत्या महकम्याने गोळा कराव्यात, त्या कोणास कळवाव्यात, आणि कळविण्याचा अखत्यार मुलकी खात्याकडे असावा की गुप्तवार्तेच्या खात्याकडे, हा वाद आज जगातील बहुतेक राजधान्यांत चालू असला, तरी तो प्रथम ऐरणीवर आला अमेरिकेत, आणि तोही एका चित्रपटाच्या निमित्ताने, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल. जून १९८३ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी कॅम्प डेव्हिड येथील विश्रामस्थानी ‘वॉरगेम्स’ हा त्याच सुमारास प्रदर्शित झालेला चित्रपट पाहिला. एक शाळकरी मुलगा घरच्या संगणकावरून दूरध्वनीच्या तारेने देशाच्या अण्वस्त्रांचा कारभार पाहणाऱ्या यंत्रात शिरतो आणि महायुद्धाचा प्रसंग ओढवतो, असे त्याचे कथानक आहे. असे खरोखर घडू शकेल काय, असा प्रश्न अध्यक्षांनी पुढच्याच काही दिवसांत सेनाप्रमुखांच्या संयुक्त मंडळाचे अध्यक्ष जनरल जॉन व्हेसी यांना केला. आणि आठवडाभराने व्हेसी जे उत्तर घेऊन आले त्याचा मथितार्थ असा होता, की परिस्थिती अध्यक्षांच्या कल्पनेहून पुष्कळच वाईट आहे. वस्तुतः रँड संस्थेचे विलिस वेअर यांनी अनेकांना एकाच वेळी वापरता येणाऱ्या संगणकांतील हा धोका १९६७ मध्येच एका परिषदेत मांडला होता; परंतु तज्ज्ञाच्या निबंधाने जे सोळा वर्षांत साधले नाही ते चित्रपटाच्या एका खेळाने साधले.

या प्रश्नोत्तरातून १७ सप्टेंबर १९८४ रोजी जे अध्यक्षीय फर्मान निघाले, त्याने सरकारी संगणकांच्या संरक्षणाची मुखत्यारी राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे ‘एनएसए’च्या, संचालकाकडे सोपविली. परक्या राष्ट्रांची संभाषणे चोरून ऐकणे व त्यांची सांकेतिक लिपी उलगडणे हा ज्या संस्थेचा जन्मजात व्यवसाय, आणि जिचे अस्तित्वसुद्धा सरकार अनेक वर्षे उघडपणे मान्य करीत नव्हते, तिच्याकडे आता नागरिकांच्या कर, निवृत्तिवेतन व आरोग्य यांविषयीची दफ्तरेही देखरेखीसाठी जाणार, हे दिसताच प्रतिनिधिगृहात खळबळ उडाली. टेक्सासचे जॅक ब्रुक्स यांच्यासारखे जुने व करारी सभासद पुढे सरसावले, आणि १९८७ चा संगणक सुरक्षा कायदा संमत होऊन मुलकी सरकारी यंत्रांचे मानदंड ठरविण्याचे काम वजनेमापे सांभाळणाऱ्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे गेले. लष्करी व गुप्त तेवढे ‘एनएसए’कडे राहिले. मला या कायद्याचे महत्त्व फार वाटते. गावाच्या वेशीवर रात्री आरोळी देणारा जागल्या आणि शत्रूच्या छावणीत निःशब्द फिरणारा हेर, हे दोघेही राखणच करीत असले, तरी एकाचे सामर्थ्य त्याच्या आवाजात असते आणि दुसऱ्याचे त्याच्या मौनात. ही दोन्ही कामे एकाच माणसाला सांगितली, तर आणीबाणीच्या वेळी तो मौनच पत्करणार, एवढी मनुष्यस्वभावाची जाण त्या कायद्याच्या कर्त्यांना होती.

कायद्याची चर्चा वॉशिंग्टनमध्ये चालू असतानाच देशाच्या दुसऱ्या टोकास, कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत, या प्रश्नाचे प्रात्यक्षिक घडत होते. ऑगस्ट १९८६ मध्ये तेथील संगणकाच्या वापराच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटांची तफावत आढळली, आणि खगोलशास्त्राचे अनुदान संपल्यामुळे संगणक विभागात बदली होऊन आलेल्या क्लिफर्ड स्टोल नावाच्या तरुण शास्त्रज्ञास ती शोधण्याचे काम मिळाले. एखाद्या कारकुनाने पदरचे पंचाहत्तर सेंट घालून वही मिटविली असती. स्टोल यांनी मात्र सुटीच्या दिवसांत सहकाऱ्यांच्या टेबलांवरील मुद्रणयंत्रे व टेलिप्रिंटर उचलून आणले, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तारेस एकेक जोडले, आणि त्यांच्यामध्येच झोपून त्यांनी सिद्ध केले, की कोणी परका इसम प्रयोगशाळेच्या यंत्रात शिरून तेथून लष्कराच्या संगणकांची दारे एकामागून एक ठोठावीत आहे. पुढे केलेल्या मोजणीत त्याने सुमारे साडेचारशे संगणकांवर प्रयत्न केल्याचे व तिसाहून अधिकांत प्रवेश मिळविल्याचे निष्पन्न झाले.

यापुढील भाग या विषयाच्या इतिहासकाराने विशेष लक्षपूर्वक वाचावा. स्टोल यांनी केंद्रीय अन्वेषण विभागास, म्हणजे ‘एफबीआय’ला, कळविले, पण नुकसानीची रक्कम इतकी क्षुल्लक आणि चोरीस गेलेला एकही कागद गोपनीय नाही, हे पाहून त्या विभागाने प्रारंभी लक्षच घातले नाही. ‘सीआयए’चे अधिकारी येऊन गेले, पण देशांतर्गत तपास त्यांच्या हद्दीत बसत नव्हता. हवाई दलाच्या अन्वेषण कार्यालयास आस्था होती, परंतु अधिकार तोकडा होता. ‘एनएसए’च्या संगणक सुरक्षा केंद्रातील विद्वानांनी बारकाईने प्रश्न विचारले आणि सर्व ऐकून घेतले, मात्र त्यांच्याकडून परत काही कळेना. आम्हांस कळवीत राहा, असे प्रत्येकाने सांगितले. आम्ही तुम्हांस कळवू, असे म्हणणारा कोणी नव्हता. खबर सर्वांच्या दफ्तरी जमा होत होती आणि कोणाचीच नव्हती.

अखेर तिढा सुटला तो दूरध्वनी व तारयंत्रे सांभाळणाऱ्या सामान्य तंत्रज्ञांच्या परस्पर सौजन्यामुळे. स्टोल यांनी अवकाशातील क्षेपणास्त्रविरोधी योजनेविषयीचे रुक्ष पण भपकेबाज सरकारी कागद स्वतःच रचून यंत्रात ठेवले. ते वाचण्याच्या लोभाने घुसखोर बराच वेळ तारेवर रेंगाळला, आणि तेवढ्या अवधीत पश्चिम जर्मनीच्या टपाल खात्याने माग हॅनोव्हर शहरातील एका घरापर्यंत नेला. त्या मार्कस हेस नावाच्या तरुणाने व त्याच्या साथीदारांनी हा माल सोव्हिएत गुप्तहेर खात्यास विकल्याचे १९९० मधील खटल्यात सिद्ध झाले. शिक्षा झाली ती स्थगित स्वरूपाची.

‘एनएसए’च्या त्या संगणक सुरक्षा केंद्रात रॉबर्ट मॉरिस हे प्रमुख शास्त्रज्ञ होते, आणि स्टोल यांच्याशी त्यांची भेट झालेली होती. या मॉरिस यांच्याच मुलाने, कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना, २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी जाळ्यात एक स्वतःच्या प्रती काढीत पसरणारी आज्ञावली सोडली. तिचा वेग कर्त्याच्या अटकळीबाहेर गेला, आणि सकाळपर्यंत त्या काळच्या अंदाजे साठ हजार संगणकांच्या जाळ्यातील सहा हजारांच्या आसपास यंत्रे या किडीने जेरीस आणली, असा अंदाज तेव्हा वर्तविला गेला. त्या रात्रीच्या गोंधळात आपल्या विषयास अत्यंत उपकारक असा एक प्रसंग आहे. त्या मुलाच्या एका मित्राने कीड कशी थांबवावी हे सांगणारा निनावी संदेश पहाटेच जाळ्यावर पाठविला होता. पण ज्या मार्गाने तो जायचा तो मार्गच किडीने तुंबला होता, आणि पुष्कळ ठिकाणच्या व्यवस्थापकांनी भीतीने आपली यंत्रे जाळ्यापासून तोडून टाकली होती. परिणामी औषधाची चिठ्ठी एक दिवसाहून अधिक काळ वाटेतच पडून राहिली. बर्कली व एमआयटी येथील विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी रात्रभर जागून कीड उलगडली, तरी उपाय सांगण्यासाठी कोणाचा दूरध्वनी फिरवावा, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

म्हणून त्याच महिन्यात संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एक समन्वय केंद्र स्थापिले, आणि अहोरात्र चालणारा एक दूरध्वनी तेथे बसविला. ‘सर्ट’ हे आज देशोदेशीच्या सरकारांनी उचललेले नाव या केंद्राचे. पैसा संरक्षण खात्याचा होता, पण जागा निवडली ती विद्यापीठाची, हा निर्णय मला त्या सबंध काळातील सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कारण ज्याचे यंत्र फोडले गेले आहे तो माणूस लाजेने किंवा भयाने जी गोष्ट सरकारी वर्दीस सांगणार नाही, ती अध्यापकास सांगतो. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, अमेरिकी अवकाश संस्थेच्या जाळ्यात दुसरी कीड शिरली. देशोदेशींच्या पथकांना वेळेतील अंतर, भाषा व रीती यांमुळे एकमेकांशी बोलणे जड गेले, आणि त्यातून १९९० मध्ये अशा पथकांचा ‘फर्स्ट’ हा आंतरराष्ट्रीय मेळ निर्माण झाला.

त्यानंतरच्या दशकाचा वृत्तान्त मात्र फारसा उत्साहवर्धक नाही. जून १९९७ मध्ये ‘एनएसए’च्या एका लहानशा पथकाने, बाजारात सहज मिळणारी साधने वापरून, स्वतःच्याच लष्कराच्या यंत्रणा सरावादाखल फोडून दाखविल्या, आणि अशा वेळी प्रमुख कोण, या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नसल्याचे उघड झाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये इराकवर हल्ल्याची तयारी चालू असताना हवाई दलाच्या यंत्रांत घुसखोरी झाली. संशय बगदादवर गेला. सापडली ती कॅलिफोर्नियातील दोन किशोरवयीन मुले व त्यांचा इस्रायली मार्गदर्शक. त्याच महिन्यात ‘एफबीआय’च्या छत्राखाली राष्ट्रीय पायाभूत सुविधा संरक्षण केंद्र स्थापन झाले, आणि २२ मे १९९८ च्या अध्यक्षीय आदेशाने सर्व खात्यांनी आपल्या खबरी तेथे द्याव्यात व बँका, वीज, दूरसंचार अशा खाजगी धंद्यांनी आपापसांत खबरी वाटण्याची केंद्रे काढावीत, अशी तजवीज झाली. योजना कागदावर उत्तम होती. तथापि तपास करणाऱ्या पोलिसाची वृत्ती पुरावा जपण्याची असते, आणि जपलेला पुरावा म्हणजेच दडविलेला इशारा. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने एप्रिल २००१ मध्ये जो अहवाल दिला त्यात स्पष्ट नमूद आहे, की या केंद्राचे बहुतेक इशारे हल्ला सुरू झाल्यानंतरचे होते, आणि केंद्राचे काम नेमके काय, याविषयी इतर खात्यांत एकमत नव्हते. पुढे गृहसुरक्षा खाते निर्माण झाले, केंद्राचे काम २००३ मध्ये तिकडे गेले, नावे बदलली, पाट्या बदलल्या.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सोनी चित्रसंस्थेची दफ्तरे फोडून जगापुढे मांडण्यात आली, त्या वेळी या सर्व खात्यांची निरीक्षणे एका पानावर आणून अध्यक्षांपुढे ठेवील असे एकही कार्यालय नसल्याचे आढळले. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या हाताखाली सायबर धोक्यांच्या खबरींचे एकत्रीकरण करणारे एक छोटेखानी केंद्र निघाले. सुमारे पन्नास माणसे व साडेतीन कोटी डॉलर एवढाच त्याचा आराखडा. याने स्वतः हेरगिरी करावयाची नव्हती, तपास करावयाचा नव्हता, केवळ इतरांनी आणलेले वाचून, पारखून, जुळवून सांगावयाचे होते, आणि गोपनीयतेचा शिक्का शक्य तेथे उतरवून खबर खालपर्यंत जाऊ द्यावयाची होती. हा शिक्का उतरविण्याचा भाग मला कळीचा वाटतो. ब्रिटनने ऑक्टोबर २०१६ मध्ये निराळा मार्ग घेतला: आपले राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र त्याने चेल्टनहॅमच्या जुन्या गुप्तश्रवण संस्थेचेच अंग म्हणून ठेवले, पण बिऱ्हाड मात्र लंडनमध्ये, व्हिक्टोरिया स्थानकाजवळच्या एका उघड्या, येण्याजाण्यास सोप्या इमारतीत थाटले. माझ्या मताच्या विरुद्ध जाणारा हा पुरावा आहे, आणि तो मी मान्य करतो. हेराच्या कानाशिवाय जागल्यास चाहूल लागत नाही, या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त ऐकलेले मोठ्याने सांगण्याची सक्ती त्याच्यावर असली पाहिजे.

ती सक्ती नसली म्हणजे काय होते, हे २०१७ च्या उन्हाळ्याने दाखविले. विंडोज प्रणालीतील एक वर्मस्थान ‘एनएसए’ला ठाऊक होते, आणि परकीयांच्या यंत्रांत शिरण्यासाठी ते तिने आपल्याजवळ राखून ठेवले होते. त्यावरचे हत्यार तिच्याच भांडारातून बाहेर फुटले. उत्पादक कंपनीने मार्चमध्ये दुरुस्ती प्रसिद्ध केली होती, पण ती असंख्य यंत्रांवर चढलेली नव्हती. १२ मे रोजी ते वापरणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या किडीने ब्रिटनच्या रुग्णालयांतील यंत्रे बंद पाडली. २७ जूनला त्याच हत्याराचा उपयोग करणारी ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधून निघाली आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या दारी, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात, येऊन पोहोचली. तेथील एका धक्क्याचा कारभार मर्स्कच्या शाखेकडे होता. संगणक थंडावले, पेट्यांची चढउतार हाताने नोंदी करून चालवावी लागली, आणि मालाच्या मोटारी खोळंबल्या. कोणत्या वर्मस्थानाची वाच्यता करावी व कोणते राखावे, हे ठरविण्याची अमेरिकी सरकारची पद्धत त्यानंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, जाहीर झाली. ती आधी जाहीर असती तर ‘वॉनाक्राय’ टळली असती असे मी म्हणत नाही. पण राखण व हेरगिरी एकाच घरात नांदत असता कोणाचा शब्द चालतो, हे त्या उन्हाळ्याने पुरते दाखविले.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची हकीकत याहून जवळची. १९०६ साली स्थापन झालेली ही बँक, आणि प्रसंग ११ ऑगस्ट २०१८ चा, शनिवारचा. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, ‘एफबीआय’ने बँकांना एक गोपनीय पत्र पाठविले होते. गुन्हेगार लवकरच जगभरच्या एटीएम यंत्रांतून एकाच वेळी अमर्याद रोकड उचलण्याच्या बेतात असून, कार्ड देणाऱ्या कोण्या संस्थेची यंत्रणा त्यासाठी आधीच फोडली गेली असावी, असा त्याचा आशय होता. ती संस्था कोणती, हे त्यात नव्हते. दुसऱ्या दिवशी बनावट कार्डे घेतलेली माणसे २८ देशांतील यंत्रांसमोर उभी राहिली. बँकेच्या व्यवहारांना संमती देणारे जे यंत्र, त्याच्या जागी घुसखोरांनी स्वतःचे बनावट यंत्र बसविले होते. त्यामुळे मागणी खात्याच्या वहीपर्यंत न जाताच होकार मिळत गेला. परदेशांत सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये, आणि देशात, कोल्हापूर-मुंबईसारख्या ठिकाणी, सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी रुपये गेले. सोमवारी, १३ तारखेस, आंतरराष्ट्रीय भरणा प्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळविले गेले. एकूण हानी ९४ कोटींच्या घरात गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने पुढे या कृत्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला, आणि पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये रोकड काढणाऱ्या टोळीतील ११ जणांना दोषी ठरविले.

त्या शुक्रवारच्या पत्राकडे मी पुनःपुन्हा वळतो. गोपनीय पत्र ज्यांची नावे यादीत असतात त्यांनाच मिळते. इतर सर्वांना त्यातील मजकूर कळला तो रविवारी, एका अमेरिकी पत्रकाराने छापल्यावर, आणि तोपर्यंत शनिवार उलटून गेला होता. पत्र लिहिणाऱ्यांचा अंदाज अचूक होता, दिवसही जवळजवळ अचूक होता. उणीव होती ती केवळ आवाजाची. गुन्हेगार सावध होऊ नयेत म्हणून पत्र गोपनीय ठेवले, हे कारण समजण्यासारखे आहे. पण ज्यांचे पैसे जाणार होते त्यांना सावध करणे, हे त्याच पत्राचे दुसरे, आणि माझ्या मते पहिले, कर्तव्य होते.

आपल्या देशातील व्यवस्था या अमेरिकी इतिहासाची पुष्कळशी पावले अल्प काळात चालून गेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर २००० मध्ये अंमलात आला, आणि ‘सर्ट-इन’ हे मुलकी मंत्रालयाच्या अखत्यारातील पथक जानेवारी २००४ पासून काम करू लागले. जानेवारी २०१४ मध्ये वीज, बँका, दळणवळण यांसारख्या मर्मस्थानी असलेल्या यंत्रणांच्या राखणीसाठी निराळे केंद्र अधिसूचित झाले, आणि ते तांत्रिक गुप्तवार्ता संघटनेच्या, म्हणजे ‘एनटीआरओ’च्या, पदरी बांधले गेले, म्हणजे अमेरिकेने १९८७ मध्ये जी विभागणी मुलकी आणि गुप्त अशी केली, तीच आपल्याकडे सामान्य आणि मर्मस्थानी अशी झाली, आणि अधिक मोलाचा भाग हेरांच्या घरी गेला. दोन दफ्तरे असली की दोन उत्तरे येतात, हे १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा आपण अनुभवले: राज्याच्या गृहमंत्र्यांनी पुढील मार्चमध्ये सायबर शाखेच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखविली, आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तसा पुरावा नसून ती मानवी चूक होती, असे सांगितले. लोकलमध्ये अडकून पडलेल्या मुंबईकराने कोणाचे खरे मानावे, हा प्रश्न तसाच राहिला.

२८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ने आदेश काढला, की कोणत्याही संस्थेने आपल्यावरील हल्ल्याची इत्तला सहा तासांच्या आत द्यावी. खबर आत येण्याची ही मुदत झाली. आत आलेली खबर पारखून बाहेरच्यांना किती तासांत कळवावी, अशी मुदत त्या आदेशात नाही. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ‘सर्ट-इन’चे नाव माहिती अधिकाराच्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात घातले. ज्या गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांना भ्रष्टाचार व मानवी हक्कभंग यांखेरीज अन्य बाबतींत नागरिकांच्या प्रश्नांस उत्तर देण्याचे बंधन नाही, त्यांची ती यादी. ‘एनटीआरओ’ तीत पूर्वीपासूनच होती, आणि आता इशारा देण्यासाठी निर्माण झालेले मुलकी दफ्तरही तिच्या पंक्तीस जाऊन बसले आहे.